हत्तीचं तिकीट

“हसू नका बे! खरंच मरून राह्यला माणूस! मास्तर मरून राह्यला!”

मोताळ्याच्या चौकात, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी मी असा बोंबलत होतो, मास्तर, आणि दोनशे माणसं माझ्याकडं बघून हसत होती. किती? बरं, चाळीस. किती? अकरा. पानठेल्यावर सहा, रसवंतीच्या बाकावर चार आणि टोपलीत मेथी घेऊन बसलेली एक म्हातारी. पाह्य, मोजून सांगतो आता. तू “किती?” विचारायला राह्यला नाहीस, तर आकडा आपोआप खरा निघतो तोंडातून. तू होतास तेव्हा काऊन नाही निघाला, ते मला विचारू नको.

पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, “काका, मागच्या महिन्यात तुम्ही बिबट्याले डिझेल पाजलं. आज मास्तर मारला का?” सगळे पुन्हा हसले. रसवंतीच्या बाकावर एकानं सरकून मला जागा केली. म्हणाला, बसा, दम घ्या, मग सांगा.

तू त्या वेळी घरी खाटेवर होतास. एकटा. छाती धरून.

हायस्कूलवाले तुझ्या नावानं एक छोटं पुस्तक काढणार आहेत. नवीन मॅडम घरी आल्या होत्या. “बबनकाका, तुम्ही लिहाच. अगदी तुमच्या शैलीत!” असं म्हणाल्या. माझ्या शैलीत. माझ्या शैलीनं काय केलं ते त्या बाईंना काय माहीत! तुझा जन्म, तुझी नोकरी, तू किती विद्यार्थी घडवलेस, ते सगळं त्या लिहितील. मी घडलो नाही, एवढं मी लिहितो.

तुला आठवतं का, आपली रोजची वाचनाची दुपार कशी सुरू झाली? एकाच बाकावर शिकलेली आपण दोन पोरं. तू मराठीचा मास्तर झालास, मी एसटीचा ड्रायव्हर. बुलढाणा-मलकापूर, मलकापूर-बुलढाणा, राजूरचा घाट मी एवढ्या वेळा चढलो-उतरलो की तेवढ्यात चंद्रावर जाऊन परत आलो असतो. (तू असतास तर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला असतास.) मग आपण दोघं रिटायर झालो आणि काचबिंदूनं तुझी अक्षरं नेली. कपाटभर पुस्तकं आणि एक ओळ दिसेना. डोळे तुझे गेले होते, तोंड माझं शिल्लक होतं. रोज चारला मी तुझ्या ओसरीत यायचो. तू खाटेवर, मी खुर्चीत. पुस्तकात खूण म्हणून माझ्याच गाडीचं जुनं भोकं पाडलेलं तिकीट. वहिनी चहा ठेवून जायच्या आणि आतल्या खोलीत, दाराच्या पलीकडं, शिवण घेऊन बसायच्या. त्या ऐकतात हे आपल्याला कधी सुचलंच नाही.

आठव्याच दिवशी मी पुस्तकात हात घातला. एका मुलीची गोष्ट होती. बाप आणि पाहुणे ओसरीत तिचं लग्न ठरवून राह्यले आणि ती दाराआडून ऐकते. गोष्ट तीच सांगते. लेखकानं फार कोरडं लिहिलं होतं. मला दया आली. मी माझ्या पदरचं घातलं, “आणि बापाच्या डोळ्यांत नळगंगेला पूर आला.”

“थांब,” तू म्हणालास. “हे लेखकाचं नाही. हे तुझं आहे बे.”

“तुले कसं समजलं? दिसत तर नाही तुले.”

“मले दिसत नाही, तसं तिलेही दिसत नाही. ती दाराआड आहे. बापाची पाठ तिच्याकडं आहे, मागच्या पानावर तूच वाचलं. बापाचे डोळे तिले कुठून दिसतील? बापाचा आवाज थांबला, एवढंच तिले ठाऊक. तो रडला का त्यानं तपकीर ओढली, ते तिले समजून नाही राह्यलं. म्हणून तर जीव जाऊन राह्यला तिचा. तू पूर आणला अन् तिची सगळी तगमग वाहून नेली.”

“मग लेखकानं सांगावं ना, रडला म्हणून!”

“लेखक कुठं आहे तिथं? तिथं ती आहे. गोष्टीत आधी पाह्य, कोण उभं आहे. मग पाह्य, तिथून काय दिसते. बाकीचं तिच्यासोबत आंधळं होऊन वाच.”

मी म्हणालो, आंधळा तू आहेस, मी काऊन होऊ. तू इतका हसलास की चहा धोतरावर सांडला. खरं सांगतो, त्या दिवशी घरी जाताना मला पहिल्यांदा वाटलं, तीस वर्षं मी काचेच्या पलीकडचा रस्ता पाहिला, पण मागं बसलेल्या माणसाला खिडकीतून काय दिसतं, ते एकदाही पाहिलं नाही. हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जिंकला असतास.

आवाजावरून तर आपलं रोजचंच भांडण. सासरी गेलेल्या पोरीचं पत्र होतं एका कथेत. त्यात एक ओळ, “मी बरी आहे.” मी ती अशी वाचली की गल्लीतली कुत्री गहिवरली. तू म्हणालास, “ती बरी आहे म्हणते अन् तू काऊन रडून राह्यला? वाक्य मेलं नाही अजून, तू तेरवी जेवून बसला.” मग तीच ओळ तू माझ्याकडून सात वेळा वाचून घेतलीस. किती? सातच. हे खरं आहे. एकदा खरंच बरी असल्यासारखी. एकदा खोटं बोलत असल्यासारखी. एकदा मागं सासू उभी असल्यासारखी. मी घामाघूम झालो. म्हणालो, आता सांग, यातलं खरं कोणतं?

“ते तू नको ठरवू. सपाट वाच. ‘ती रडत म्हणाली’ असं लिहिलं की लोकं डोळे पुसतात अन् जेवायले जातात. नुसतं ‘म्हणाली’ लिहिलं की दोन दिवस घास उतरत नाही.”

आणि माझ्या उपमा! त्यांचा तर तू जन्मभराचा वैरी. तरी तूच एकदा म्हणालास, “उपमा हॉर्नसारखी असते बबन. वळणावर वाजव. सरळ रस्त्यानं वाजवत राह्यला तर म्हैससुद्धा हालत नाही.” मी टाळी वाजवली, म्हटलं, मास्तर, हीच उपमा झाली! तू म्हणालास, “वळण होतं म्हणून वाजवली.”

माझा सगळ्यात मोठा हॉर्न म्हणजे घाटातल्या ब्रेकचा किस्सा. खरं एवढंच घडलं होतं की एकदा राजूरच्या घाटात ब्रेक लागेनात, मी गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली, एका माणसाची दुधाची कॅन सांडली. बस. पण माझ्या किस्स्यात गाडी दरीवर अर्धी लटकते, आणि मी म्हणतो, “तेवढ्यात माझ्या छातीवर हत्ती बसला! अन् मागून कंडक्टर ओरडला, ड्रायव्हरसाहेब, हत्तीचं तिकीट कोण काढीन?” इथं गल्ली फुटायची हसून. आपल्या शेजारचा गजू हा किस्सा ऐकत लहानाचा मोठा झाला, मोताळा-मलकापूर व्हॅन चालवायला लागला, दोन लेकरांचा बाप झाला, तरी मी ‘हत्ती’ म्हटलं की तिकिटाचं वाक्य तोच टाकायचा. मला बोलूच द्यायचा नाही.

या हत्तीवरून आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. मी चिडून म्हणालो होतो, “पण वाटतो ना बे छातीवर हत्ती! वाटते तर म्हणू नये का?” तू म्हणालास, “ज्याच्या छातीवर बसला त्यानं म्हणावं. तुले किस्स्यात बसवाचा म्हणून तू बसवला. एक दिवस, एक गोष्ट, मले सरळ सांगून पाह्य.” मी उठलो आणि जाता जाता बोलून गेलो, “तुह्यासारख्या सपाट माणसासाठी कोणी रडणार नाही, मास्तर.” दुसऱ्या दिवशी चारला आलो. पुस्तक उघडलं. त्या वाक्याची माफी मी उद्यावर टाकत राहिलो.

आता तो दिवस सांगतो. सरळ सांगतो. चुकलो तर टोक.

वहिनी मलकापूरला बहिणीकडं गेल्या होत्या, म्हणून मी दोनलाच आलो होतो, तुझ्या सोबतीला. अर्धं पान वाचून झालं होतं. तू हात वर केलास. मला वाटलं, पकडलं, माझ्या पदरचं एक वाक्य मी नुकतंच घातलं होतं. तू म्हणालास, “बबन, छाती दुखते. डाव्या हातात कळ येऊन राह्यली. गाडी बोलाव.”

दहा शब्द. त्यात सगळं होतं. कुठं दुखतं, कसं दुखतं, काय करायचं. मला फक्त ते जसेच्या तसे पुढं द्यायचे होते. शाळेतलं चौथीचं पोरगं देऊ शकलं असतं.

मी गजूला फोन लावला आणि ओरडलो, “गजू, मास्तरच्या छातीवर हत्ती बसला रे! उड, असशील तसा उडून ये!”

गजू खदाखदा हसला. “मग काका, तिकीट कोण काढीन हत्तीचं?” त्याच्या मागं बसलेली सवारीपण हसली, मला ऐकू आली.

खाटेवरून तू म्हणालास, “सरळ सांग त्याले.”

हे तुझं शेवटचं बोलणं, मास्तर. रोज पुस्तकावरून म्हणायचास तेच. रागावून म्हणालास, का विनवून, का मास्तर म्हणून चूक दाखवलीस, मी रोज त्या तीन शब्दांना सात-सात आवाजांत वाचतो. एकही बसत नाही. त्या वेळी मात्र माझ्या तोंडाला सरळ रस्ता सापडलाच नाही. भीती वाटली की माझी जीभ आणखीच उपमांकडं पळते, हे मला त्या दिवशी समजलं. मी फोनमध्ये ओरडलो, “आभाळ फाटलं गजू, आभाळ!” तो म्हणाला, “काका, सिटा भरून राह्यलो. संध्याकाळी येतो ना ऐकाले,” आणि त्यानं फोन ठेवला.

गावातली ॲम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन आधीच घाट चढून गेली होती. गजूला पुन्हा लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. मग मी तुला तसाच सोडून चौकाकडं पळालो. पुढचं वर लिहिलं आहे. अकरा माणसं.

त्यातली मेथीवाली म्हातारी तेवढी उठली. पानठेल्याकडं बघून म्हणाली, “दात काढून राह्यले का रे? आवाज ऐका त्या माणसाचा. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज असा फाटत नसते.” तिला अक्षरओळख नसेल. पण तुझ्या वर्गातल्या कोणालाही जमलं नसतं ते तिनं केलं. शब्द सोडले आणि आवाज वाचला. तिनं पानठेल्यावरच्या एका पोऱ्याला हाताला धरून स्टँडवर पिटाळलं, तेव्हा गजू आला. आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. तुला बघितल्यावर उतरलं. त्यानंतर ते मी पाहिलं नाही.

तू गाडी बोलाव म्हणालास तेव्हापासून अर्धा तास गेला होता.

तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. गजूनं घाटभर हॉर्न वाजवला. वळणावर वाजवला, सरळ रस्त्यावर वाजवला, पुढं कोणी नसताना वाजवला. ज्या वळणावर माझे ब्रेक गेले होते, त्याच्या थोडं वर तुझा हात जड झाला. तुझं तोंड खिडकीकडं होतं. मी बसलो होतो तिथून तुझे डोळे दिसत नव्हते. म्हणून डोळ्यांचं काही लिहीत नाही.

बुलढाण्याला डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आणायचं होतं.” त्यांनीही सपाटच सांगितलं. तुला आवडलं असतं.

इथं संपलं असतं तर मी निदान तुझा नुसता मूर्ख दोस्त राहिलो असतो. पुढचं ऐक.

तेरा दिवस घरात माणसांची ये-जा. येणारा प्रत्येक जण विचारायचा, कसं झालं हो? वहिनी म्हणायच्या, “बबनभाऊले विचारा. ते होते जवळ.” आणि दाराच्या पलीकडं, आपल्या जागेवर जाऊन बसायच्या. मी ओसरीत, त्याच खुर्चीत. लोकं सतरंजीवर. मी सांगायचो.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, गजू लगेच आला. चौथ्या दिवशी गजू पाच मिनिटांत आला. सहाव्या दिवशी गाडी घाट चढली नाही, उडाली. नवव्या दिवशी तू घाटात डोळे उघडून माझी थट्टा केलीस, आणि तुझा मलकापूरचा साडू डोळे पुसता पुसता हसला. हत्तीचं मी कोणालाच सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी गोष्टीतून उपमा काढून टाकली, मास्तर, आणि ती नेमकी तीच होती जी खरोखर घडली होती. गोष्ट मोठी-मोठी होत गेली आणि तिच्या मधोमध अर्ध्या तासाचं भोक. त्यावर मी दर दिवशी एक नवीन हत्ती उभा करत होतो, आणि लोकं म्हणत होती, बबनभाऊसारखा दोस्त पाहिजे.

गजू रोज सकाळी पाण्याची कॅन आणून ठेवायचा. आत वहिनींशी दोन शब्द बोलायचा आणि माझ्याकडं न बघता निघून जायचा. मला वाटायचं, पोरगं लाजतं आहे. माझ्यासारखंच गप्प आहे.

तेरवी झाली. पाहुणे गेले. पुस्तक तिथंच होतं, खाटेच्या उशाला, आत ते जुनं तिकीट. मी उघडून पाहिलं. त्या दिवशी मी माझ्या पदरचं जे वाक्य घातलं होतं, ते त्या पानावर अर्थातच नव्हतं. तू ते पकडलं होतंस का, का तेव्हाच कळ आली होती तुला? हेही आता कळायचं नाही. पान उलटायची हिंमत झाली नाही. मी पुस्तक ठेवलं आणि आत गेलो. त्या दारातून आत, मास्तर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वहिनी शेजाऱ्यांच्या सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. मी एका सतरंजीचं दुसरं टोक धरलं. घडी घालायची म्हणजे दोघांनी चालत एकमेकांजवळ यावं लागतं. त्यांच्या जागेवरून मी एकदा ओसरीकडं पाहिलं. तिथून खुर्ची दिसत नाही. खाटही दिसत नाही. फक्त आवाज येत असणार. तेरा दिवस माझा आवाज येत असणार.

त्या मुलीची गोष्ट आठवली, दाराआडून ऐकणारीची. सतरंजीचं टोक मी सोडलं नाही.

मी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी मास्तर मले दहा शब्द बोलला. छाती दुखते, हातात कळ आहे, गाडी बोलाव. मी ते गजूले सांगितले नाही. मी त्याले हत्ती सांगितला. तो हसला. त्यात अर्धा तास गेला. बाहेर जे सांगत होतो, ते खोटं होतं.”

एक गोष्ट, सरळ. तू मागितली होतीस. तुला ऐकवता आली नाही.

वहिनींनी माझ्या हातातलं सतरंजीचं टोक घेतलं, आपल्या टोकाला जुळवलं, घडी केली आणि बाकीच्या सतरंज्यांवर ठेवली. मग त्या बोलल्या. कशा आवाजात, ते लिहीत नाही. तोंड माझ्याकडं नव्हतं. नुसतं म्हणाल्या,

“हाव. गजूनं पहिल्याच दिवशी सांगतलं.”